हरिमामांची उडी आणि पाच परीक्षक

दर रविवारी सकाळी हरिमामा चुरी स्कूटरवरून उतरतात, पण हेल्मेट काढत नाहीत. तसेच कोसबाडची टेकडी चढतात, माथ्यावर आडव्या बांधलेल्या बांबूवर बसतात, पायांना ताडाच्या दोन लांब फळ्या सायकलच्या ट्यूबने करकचून बांधतात आणि समोर बघत म्हणतात, "वारा पडू दे."

मामा स्की जंपिंग करतात. हा खेळ बर्फावरचा आहे आणि मामांनी बर्फ पाहिलाय तो डहाणूच्या मासळीबाजारात. पण एकदा टीव्हीवर त्यांनी तो बघितला आणि मला म्हणाले, "चिकूच्या झाडावरून मी चाळीस वर्षं पडतोय, कोणी विचारत नाही. हा माणूस मुद्दाम पडतो, तर त्याला मेडल." दुसऱ्याच दिवशी ते फळ्या घ्यायला सायवनच्या सुताराकडे गेले. सुताराने विचारलं, पाळणा करायचाय काय? मामा म्हणाले, बराबर, तसंच समज.

दिवाळीनंतर टेकडीवरचं गवत कापून झालं की उतार वाळून गुळगुळीत होतो. त्यावर मामा भाताचा पेंढा पसरतात, फळ्यांना खोबरेल चोळतात. उताराच्या टोकाला मातीचा बांध. बांधापलीकडे जानीबाईने विकायला रचलेलं गवत. उडी म्हणजे बांधावरून त्या गवतापर्यंतचा प्रवास. मामांचा विक्रम माझ्या पावलांनी सात पावलं आहे. मी बुटका आहे, हे मामा कोणाला सांगत नाहीत.

या सगळ्यात मामांचा एकच हट्ट. परीक्षक पाच हवेत. "चार असले तर ती उडी नव्हे, ते नुसतं पडणं." म्हणून मी, गंजाडचा दूधवाला, त्याचा मेहुणा, जानीबाई आणि तिचा नवरा असे पाचजण दर रविवारी उतारालगत बसायचो. प्रत्येकाने वीसपैकी गुण द्यायचे, सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी ते सोडून द्यायचे. मी भिडेखातर अठरा द्यायचो. जानीबाई सहा द्यायची. "मामा, आज पण बूड पहिला टेकला. आन् गवत माझा मोडला." आम्हा दोघांचे गुण कायम बाद व्हायचे. म्हणजे तीन हिवाळे मी न चुकता टेकडी चढलो आणि माझं मत एकदाही धरलं गेलं नाही. पण नंतर थर्मासमधून गवती चहाची हिरवी पात घातलेला चहा मिळायचा. कप बरोबर सहा.

आता माझा गाढवपणा. एका रविवारी चहा पिता पिता मी मोबाइलवर वाचलं आणि मोठ्या हुशारीने जाहीर केलं, "मामा, सरावाच्या उडीला गुण नसतात. परीक्षक लागतात ते स्पर्धेला."

मामांनी हेल्मेटची काच वर केली. "असं काय? बराबर." आणि रिकामे कप गोळा करू लागले.

पुढच्या रविवारी कोणीच गेलं नाही. कशाला जातील? मी नऊपर्यंत झोपलो. त्या आठवड्यात बाजारात जानीबाई भेटली. म्हणाली, "मामा येतच नाय. गवत तसाच हाय, कोणी मोडला नाय." हे तिने तक्रार केल्यासारखं सांगितलं.

शनिवारी मी मामांच्या वाडीत गेलो. मामी गेल्यापासून घरात ते एकटेच. स्वयंपाकघरात चहा उकळत होता, ओट्यावर सहा कप मांडलेले होते.

"कोणी येणार आहे काय?" मी विचारलं.

"नाही. पण चहा मला सहा कपांचाच जमतो. कमी केला की बिघडतो."

मी घाईघाईने म्हणालो, "मामा, नियम बदलला. आता सरावालाही पाच परीक्षक लागतात. कालच मोबाइलवर वाचलं."

"दाखव."

"मोबाइल बंद पडलाय."

तेवढ्यात तो माझ्या खिशात वाजला. मामांनी तो पूर्ण वाजू दिला.

"सरावाला परीक्षक लागत नाहीत," चहा गाळत ते म्हणाले, "हे मला पहिल्या हिवाळ्यापासून ठाऊक आहे."

दोन कप भरले. उरलेले चार त्यांनी फडक्याने पुसले आणि तसेच हातात धरून उभे राहिले. मी चहा एका घोटात संपवला, जीभ भाजून घेतली, आणि तिथूनच दूधवाल्याला फोन लावला. बंद पडलेल्या मोबाइलवरून.

दुसऱ्या दिवशी टेकडीवर आम्ही पाच होतो. मामा बांबूवर बराच वेळ बसून राहिले. वारा केव्हाच पडला होता. मग आले, बांधावरून उडाले, हवेत एक फळी सुटली, आणि सरळ बुडावर आपटले. दूधवाल्याने दहा दिले, मेहुण्याने नऊ, जानीबाईच्या नवऱ्याने अकरा. मी अठरा.

जानीबाईने वीस दिले.

सगळ्यात जास्त म्हणून तिचे वीस गेले, आणि माझे अठरा पहिल्यांदाच मोजले गेले.

"जानी, पडलेल्याला वीस देतात काय?" मामा गवतातूनच ओरडले.

"पडलास तं पडलास," ती म्हणाली. "आलास ना."

मामांनी हेल्मेटची काच खाली घेतली आणि पायाची ट्यूब सोडत बसले. एरवी एका मिनिटात सुटते. त्या दिवशी फार वेळ लागला.