छबूबाईंनी पश्चिम फाटक राखिले त्याची हकीकत

स्वस्ति श्री. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सरे, वैशाख वद्य पक्षी, नीराकाठ कृषी विद्यापीठाचे पश्चिम फाटकावर जो प्रसंग गुदरला, त्याची साद्यंत हकीकत पुसणारे पुष्कळ, आणि सांगणारे त्याहून पुष्कळ, आणि जो तो आपले पदरचा मीठमसाला घालून सांगतो, मग खरे काय ते कोठे तरी लिहून असावे, म्हणोन हा लेखनाचा उद्योग केला. या युद्धात रक्त सांडले नाही. चहा सांडला; तो जेथे सांडला तेथे लिहिला आहे.

बारामतीहून इंदापुराकडे जाता, भवानीनगराचे अलीकडे, उसाचे रानात हे विद्यापीठ. दर उन्हाळ्यात तेथे मुलांचे शास्त्रशिबिर भरे. पिंपळी, वडगाव निंबाळकर, भवानीनगर ऐशा गावांची पाचवी ते आठवीची बेचाळीस मुले सकाळी येत, माती तपासत, बी रुजवीत, सूक्ष्मदर्शकाखाली आपलीच नखे पाहून किंचाळत, आणि सायंकाळी घरी जात. पूर्वी ही आमदरफ्त मनमानी होती. कोणीही चुलत्याने यावे, आमचे पोरगे द्या म्हणावे, आणि तोंडाला रुमाल बांधलेले जे पोरगे हाती लागेल ते मोटारसायकलीवर घालून न्यावे. गतसाली एक चुलते याप्रमाणे पुतण्यास घेऊन गेले, आणि घरी पोचून रुमाल सोडिला तो पुतण्या परक्याचा निघाला. वाटेत का बोलला नाहीस, ऐसे पुसता पोरगे म्हणाले की रसवंतीवर दोन पेले रस मिळाला, आणि तिसऱ्याची आशा होती.

त्या दिवशी दोन्ही घरी तीन घटका जो आकांत जाहला तो लिहवत नाही. मग शिबिराच्या मुख्य डॉक्टर अनिता मॅडम यांनी मसलत करून अकरा कलमांची बालसुरक्षा नियमावली सिद्ध केली. त्यात ठळक कलमे ऐसी: की मुलाजवळ बंद खोलीत एकट्या मोठ्या माणसाने राहू नये, दोघे असावे, की आईबापांचे परवानगीविना मुलांचे फोटो काढू नयेत, की येणाऱ्या परक्याने गळ्यात बिल्ला घालावा, आणि की सायंकाळी मूल ज्याचे नाव वहीत, ज्याचे हाती पिवळे कार्ड, त्याचेच हवाली करावे, मग तो कोणी का असेना. ही नियमावली कार्यकारी मंडळापुढे गेली, आणि मंडळाचे ज्येष्ठ सभासद, भवानीनगरचे राजमान्य राजश्री आप्पासाहेब यांनी तीवर झोकदार सही ठोकली. वाचून ठोकली की कसे, हे इतिहासास ठाऊक नाही.

आता अंमल कोणी करावा, हा पेच पडला. मॅडमनी सौभाग्यवती वज्रचुडेमंडित छबूबाई, वस्ती पिंपळी, यांस बोलावून वही हाती दिली. छबूबाई वीस वर्षे प्रयोगशाळेत काचेची भांडी धूत असत, आणि वीस वर्षांत एक परीक्षानळी त्यांचे नजरेआडून गहाळ जाहली नव्हती. हाच त्यांचा लौकिक. बाईंनी वही कपाळास लाविली, चष्मा पुसला, आणि अकरा कलमे रात्रीत पाठ केली.

पहिले दिवशीच नियमांचा दरारा बसला. मृदाशास्त्राचे प्राध्यापक विजयसिंह आपले खोलीत चष्मा शोधत बसले असता एक मुलगी हात धुण्यास साबण मागावयास आत शिरली, आणि वाऱ्याने दार लागले. प्राध्यापकांनी पाहिले तो खोलीत आपण आणि मूल, तिसरे कोणी नाही. मग सर एका उडीत व्हरांड्यात आले आणि ओरडले, "दुसरा माणूस! अहो, दुसरा माणूस पाठवा!" छबूबाई ओल्या हातांनी धावत गेल्या, मुलीस साबण दिला, दार विटेने अडकवून सताड उघडे ठेविले, आणि सरांस पाणी पाजिले. त्या दिवसापासून सदरहू प्राध्यापक खिडकीबाहेर उभे राहून शिकवू लागले, आणि उन्हाने नाक लाल जाहले तरी हटले नाहीत.

मग तिसरा दिवस उगवला. सायंकाळी साडेचारचा अंमल, मुले सुटण्यास अर्धा तास अवकाश, तो भवानीनगराकडून धुरळा उठला आणि आप्पासाहेबांची खासा स्वारी पांढऱ्या गाडीत बसून चार असामींनिशी फाटकापुढे येऊन थडकली. कारण ऐसे, की बारामतीत पाहुण्यांकडे साखरपुडा, आणि आप्पासाहेबांची नात स्वरूपा, इयत्ता सहावी, या शिबिरात. तिजला पाहुण्यांपुढे उभी करून इंग्रजी कविता म्हणवावी, आणि पाहुण्यांनी तोंडात बोट घालावे, ऐसा साहेबांचा मनसुबा. स्वरूपाची आई, चिरंजीव सौभाग्यवती सूनबाई राजलक्ष्मी, बारामतीत बँकेत नोकरीस होत्या. त्यांस पुसण्याचे कोणाचे मनात आले नाही.

फाटकावर झुंबर पहारेकरी. पांढरी गाडी दिसली की त्याचा हात आपोआप कडीकडे जाई. पंधरा वर्षांची सवय. हात कडीवर गेला, तो त्यावर छबूबाईंचा हात पडला.

गाडीची काच खाली आली. "झुंबर, फाटक," आप्पासाहेब म्हणाले.

"आप्पासाहेब, कार्ड," छबूबाई म्हणाल्या.

"कसलं कार्ड?"

"पिवळं."

साहेब हसले. साहेब हसले म्हणोन चारी असामी हसले. मग साहेब हसायचे थांबले आणि असामींस थांबावयास जरा वेळ लागला.

"बाई, मला वळखत न्हाईस व्हय तू?"

"वळखती की. हापिसात फोटो हाय तुमचा, हारासकट. पर वहीत नाव न्हाय. स्वरूपाच्या पानावर एकच नाव हाय, राजलक्ष्मी ताईंचं."

ऐसा पहिला हल्ला परतला. मग साहेब खाली उतरले आणि दुसरा हल्ला केला, तो ऐसा, की हा नियम आम्हीच सही करून अमलात आणिला, तो आम्हांस कैसा लागू व्हावा. छबूबाईंनी चष्मा लाविला, सातवे कलम काढिले, आणि 'मग तो कोणी का असेना' हे शब्द शाळेतल्या मुलीसारखे बोट ठेवून मोठ्याने वाचिले, आणि खालची सहीही वाचिली. आपलीच सही आपल्यावर चालून आलेली पाहून साहेबांची मर्जी खप्पा जाहली.

तिसरे खेपेस वकिली सुरू जाहली. असामींपैकी एकाने समोरचे टपरीवरून चहा आणवून गजांतून आत केला, की बाईंचा गळा ओला व्हावा आणि मन मऊ व्हावे. झुंबर तो पेला घेण्यास वळला, धक्का लागला, आणि चहा वहीवर सांडला, नेमका स्वरूपाचे पानावर. बाईंनी पदराने पान टिपले. तोच असामी गजांतून डोकावून म्हणाला की डागाखाली साहेबांचे नाव असेल, आता दिसत नाही हा साहेबांचा दोष नव्हे. ही मसलत इतकी बारीक होती की खुद्द साहेबांस क्षणभर पटली. बाईंनी पान उन्हाकडे धरिले. डागाखाली काही नव्हते. फक्त चहा.

मग साहेबांनी विद्यापीठाचे बड्या अंमलदारास फोन लाविला, तो गजांतून बाईंचे हाती दिला, आणि अंमलदारांनी बाईंस कानात हुकूम केला की आज सोडून द्या, उद्या पाहू. बाई म्हणाल्या, "व्हय साहेब. तेवढं कागदावर लिहून, सही करून पाठवा." पलीकडे खोकल्याचा आवाज आला, आणि फोन बंद जाहला.

इतक्यात पाच वाजले आणि गाडीचे मागे पालकांची रांग लागली. मोटारसायकली, एक ट्रॅक्टर, एक छोटा हत्ती टेम्पो, सगळे भोंगे वाजवू लागले. बाईंनी बाजूचा दिंडी दरवाजा उघडिला आणि कारभार चालू केला. वडगावच्या फुलाबाई, वय सत्तरीपलीकडे, यांनी पदराची गाठ सोडून घडी घातलेले पिवळे कार्ड काढिले, बाईंनी नाव पाहिले, तोंड पाहिले, नातवास पुसले की ही कोण, नातू म्हणाला आज्जी, आणि एका मिनिटात आज्जी नातवास घेऊन चालती जाहली. आप्पासाहेब आपले गाडीस टेकून हे पाहात होते. ज्या फाटकावर आपणांस अर्धा तास अडविले, तेथून एक म्हातारी पदराच्या गाठीचे बळावर पार होते, हे त्यांस फार झोंबले. मग त्यांनी अखेरचे अस्त्र काढिले.

"छबू," ते हळू आवाजात म्हणाले, "उद्यापासनं कामावर यायचं न्हाय."

बखरकाराने येथे खरे ते लिहावे. बाईंनी कडी घट्ट धरिली. घरी उसाची लागण नव्हती, दावणीला म्हैस नव्हती. ही नोकरी होती. मनात आले की एक कडी काढिली तर काय मोठे बिघडते, आजाच आहे, राक्षस नव्हे. मग त्या बोलल्या, आणि आवाज त्यांचा त्यांसच अनोळखी वाटला.

"माझी मनिषा सात वर्साची व्हती. शाळेतनं वळखीच्या माणसानं नेली. वाईट माणूस न्हवता, आप्पासाहेब. आमच्याच भावकीतला. पोरीला जत्रा दावावी म्हणून नेली, आन् आमाला सांगायचं इसरला. दिस मावळंपतोर मी हिरीत वाकून बघत व्हते. एकेक हीर. पाणी हाललं की मनिषा म्हणून हाक मारायचे. पोरगी आली ती हातात फुगा घिऊन." बाई थांबल्या. "त्याला इचारलं तर म्हणला, मी काय परका हाय व्हय?"

भोंगे बंद पडले. ट्रॅक्टरवाल्याने इंजिन बंद केले. असामींपैकी दोघे दुसरीकडे पाहू लागले.

"मला उद्या काढा," बाई म्हणाल्या. "पर आज वही माझ्याकडं हाय."

या समयी अनिता मॅडम धावत आल्या. त्या अर्धा तास राजलक्ष्मींस फोन लावीत होत्या. सूनबाई बँकेत, फोन पर्समध्ये. आठव्या खेपेस लागला. मॅडमनी सर्व सांगितले आणि, कागद नसेल तर तोंडी तरी परवानगी सर्वांदेखत व्हावी म्हणोन, फोन मोठ्या आवाजावर टाकिला. साहेब पुढे सरसावले, की आता विजय.

"आप्पा," राजलक्ष्मींचा आवाज आला, "तिला नेऊ नका."

"आं?"

"तिला न्हाय यायचं. काल रात्री रडली ती. म्हणली, आप्पा सगळ्यांसमोर उभी करत्यात, माझे पाय कापत्यात, मग कविता इसरती, मग सगळी हसत्यात. मी म्हणलं, नगं जाऊ. तुमाला सांगायची माझी हिंमत झाली न्हाय. चुकलं माझं. पर नेऊ नका."

आप्पासाहेबांनी फाटकाचे आत पाहिले तो स्वरूपा उभी, हात चिखलाने कोपरापर्यंत माखलेले. तिने सारे ऐकले होते आणि ती आजोबांकडे भीत भीत पाहात होती.

"पाय कापत्यात व्हय तुझे?" साहेबांनी पुसले.

स्वरूपाने मान हलविली. मग म्हणाली, "आप्पा, माझ्या मातीला अजून रंग यायचाय. तुमच्या वरल्या रानातली हाय. बघायला येताय?"

साहेब छबूबाईंकडे वळले. "येऊ का?"

"अभ्यागत म्हणून येता येतं. दहावं कलम."

मग आप्पासाहेबांनी वहीत नाव लिहिले, येण्याची वेळ लिहिली, 'कामाचे स्वरूप' या रकान्यात बराच विचार करून 'माती' ऐसे लिहिले, आणि हिरवा बिल्ला गळ्यात घातला. प्रयोगशाळेत दुसरा माणूस पाहिजे म्हणोन छबूबाई वही मॅडमचे हाती देऊन बरोबर गेल्या, आणि प्राध्यापक खिडकीबाहेर होतेच. साहेबांनी कौतुकाने मोबाइल काढून वर धरिला. बाईंनी पाठीमागून घसा खाकरला. मोबाइल खिशात गेला. नळीत रंग चढला. स्वरूपाने तक्त्याशी ताडून, कागद न बघता, एक शब्द न अडखळता सांगितले की रान खारपड होत चालले आहे, पाणी कमी द्यावे, चर काढावे, आणि दोन वर्षे ताग गाडावा. आप्पासाहेब स्टुलावर बसून गुमान ऐकत होते. हीच गोष्ट विजयसिंह सरांनी त्यांस तीनदा सांगितली होती, आणि तीनदा त्यांनी ती हसण्यावारी नेली होती.

सहा वाजता राजलक्ष्मी स्कूटीवरून आल्या, कार्ड दाखविले, लेक ताब्यात घेतली. मग सासऱ्यांकडे पाहून म्हणाल्या की वहीत तुमचेही नाव घालते. साहेबांचा चेहरा उजळला. परंतु छबूबाईंनी पेन देण्यापूर्वी रीतीप्रमाणे मुलीस पुसले. स्वरूपाने आजोबांकडे क्षणभर निरखून पाहिले.

"इचार करून उद्या सांगते," ती म्हणाली.

साहेबांनी बिल्ला काढून बाईंचे हाती दिला. जाता जाता थांबले. "छबूबाई, उद्या कितीला येता?"

"आठला."

"या," ते म्हणाले, आणि गाडीत बसले.

येणेप्रमाणे नीराकाठचे पश्चिम फाटक राखिले गेले. बेचाळीस मुले सकाळी आत आली, बेचाळीस आपापले माणसांचे हवाली जाहली, अदलाबदल शून्य. चहाचा पेला एक कामी आला, वहीचे पान एक डागाळले, प्राध्यापकांचे नाक सोलले. शत्रुपक्षी कोणी उरला नाही. बारामतीत साखरपुडा कवितेवाचून यथासांग पार पडला, आणि पाहुण्यांनी भोजनोत्तर आप्पासाहेबांस नातीचे पुसले असता, ती कामात आहे, ऐसे त्यांनी ताठ मानेने सांगितले. हे बरोबर गेलेल्या असामीने पाहिले, त्याने सांगितले, तैसे लिहिले. लेखनसीमा.