हो, आणि सोफासुद्धा

सरकारी खिडकीवर बावीस वर्षं बसून हेडक्लार्कसाहेबांच्या जिभेवर एकच शब्द बसला होता, "नाही." तरीही त्यांनी हौसेने ऐनवेळच्या नाटकाचं शिबिर गाठलं. तिथे संहिता नसते, सुचेल ते बोलायचं.

पहिल्याच दिवशी जोडीदार कळवळला, "डॉक्टर, माझ्या पोटात बेडूक आहे."

"मी डॉक्टर नाही," साहेब म्हणाले, "आणि बेडकाचा अर्ज कुठे आहे?" प्रवेश जागीच आटोपला.

शिबिर घेणाऱ्या सरांनी समजावलं, "समोरचा देईल ते घ्यायचं आणि भर घालायची. 'हो, आणि...' बस. शनिवारी आमचे दोन नट सोंग घेऊन तुमच्या घरी येतील. 'नाही' म्हणालात, तर रविवारचा प्रयोग विसरा."

साहेबांनी तर अख्ख्या ऑफिसला आमंत्रण दिलं होतं. आता माघार घेतली असती तर नाकच कापलं गेलं असतं.

शनिवारी दुपारी बेल वाजली. बायको बाहेर गेली होती. दारात दोघे, खांद्यावर दोर. (काय ती वेशभूषा, घामाचा वाससुद्धा अस्सल.) साहेबांच्या अंगात वारं शिरलं.

"घर हलवायचंय ना?"

"हो, आणि आत्ताच. मला जहाजावर नोकरी लागलीय."

"सोफा न्यायचा?"

"हो, आणि सांभाळून. त्याला जिन्याची भीती वाटते."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि सोफा उचलला. कपाट गेलं, पलंग गेला. फ्रीजचा प्लग साहेबांनी स्वतः काढून दिला. टेम्पो निघाला तेव्हा ते खिडकीतून हात हलवत होते. आता टाळ्या वाजवत परत येतील म्हणून त्यांनी केसही विंचरले.

तेवढ्यात सरांचा फोन आला. "आमचे नट आत्ता निघतायत. घरी आहात ना?"

"हो, आणि..." साहेब सोफ्यावर टेकायला गेले, तर सोफा नव्हता.

दारात वरच्या मजल्यावरचे शेजारी उभे होते. "आज आम्ही घर बदलतोय. आमचे हमाल दिसले का हो?"

शेजाऱ्यांनी फोनाफोनी केली. सामान गावाच्या दुसऱ्या टोकाला पोचलं होतं, उद्या सकाळी परत येणार होतं. इतक्यात बायको आली. तिने चार भिंती पाहिल्या, सगळी हकीकत ऐकली आणि स्वयंपाकघरात गेली. दोन रिकामे हात पुढे धरून ती परत आली.

"घ्या, चहा."

"अगं, पण यात..."

"'नाही' म्हणायचं नाही ना?"

साहेब निमूटपणे हवा प्यायले. फुंकर मारायला विसरले म्हणून तिने डोळे वटारले. तेव्हाच पोलिसांच्या सोंगात दोन नट आत शिरले. "चोरीची तक्रार आलीय."

"हो, आणि बरं झालं आलात," बायको म्हणाली. "अख्खं घर गेलंय आणि चोर हा इथे बसून चहा पितोय. बसा ना, खुर्ची घ्या." दोघे नट हवेत बसले आणि अर्धा तास तिथून हलले नाहीत.

रविवारी अख्खं ऑफिस हजर होतं. मुख्य भूमिका बायकोला मिळाली. साहेबही रंगमंचावर होते, हातापायांवर ओणवे. बायको त्यांच्या पाठीवर ऐसपैस बसली.

"हा सोफा फार कुरकुरतो," ती म्हणाली.

"हो, आणि..." साहेबांनी उत्साहाने सुरुवात केली.

"आणि सोफे बोलत नाहीत," ती म्हणाली, आणि ऑफिसने टाळ्यांनी थिएटर डोक्यावर घेतलं.