सरोजिनी नगरात समुद्र अडवणारे काका

दिल्लीत समुद्र नाही, हे देवधरकाकांना सांगायचं कुणी? आमच्या शेजारी तळमजल्यावर, मुलाच्या सरकारी क्वार्टरमध्ये ते आणि काकू राहत. रोज संध्याकाळी दाराच्या चौकटीतल्या खाचेत गुडघाभर उंचीची जाड फळी बसवायची, रबरी पट्टी दाबून बघायची आणि आत तोंड करून ओरडायचं, "भरतीचं दार लागलं हो!"

नोकरीत काकांनी खाडीच्या तोंडाशी बसवायच्या दारांचे नकाशे काढले होते. भरतीला दारं बंद, ओहोटीला उघडी, मागचं शहर कोरडं. "एक थेंब इकडचा तिकडे होता कामा नये!" हे ते दूधवाल्यालासुद्धा ऐकवत. तो बिचारा फळीला अडखळून दोनदा आपटला होता.

"अंकलजी, यहाँ समंदर कहाँ?"

"आने दिया तब ना!"

एका रविवारी मुलगा बाहेर गेलेला, काकू आत झोपलेल्या, म्हणून काका फळी लावून आमच्याकडे चहाला आले. त्यांच्या घरचा नळ कोरडा होता म्हणून, दिल्लीच्या रिवाजाप्रमाणे, खाली बादली ठेवून तो उघडाच सोडला होता. पाणी आलं, बादली भरली, मोरी तुंबली. पाण्याचा आवाज ऐकून आम्ही पोचलो तेव्हा काकांच्या घरात घोटाभर तळं. काका त्यात उभे, चेहऱ्यावर तेज.

"बघितलंस? एक थेंब बाहेर नाही! बिल्कुल पास!"

मी भिंतीला धरून हसत होतो. तेवढ्यात आतून काकूंची किंकाळी आली. पलंगावर पाय पोटाशी घेऊन त्या थरथरत होत्या. "अहो, खाडी आली! दार नाही लावलं?"

काकांचा चेहरा उतरला. "लहानपणी हिच्या घरात खाडीचं पाणी शिरलं होतं," ते हळूच मला म्हणाले. "हल्ली सगळं विसरते. तेवढं विसरत नाही. संध्याकाळ झाली की घाबरते."

त्यांनी नळ बंद करून फळी वर ओढली. पाणी पायऱ्यांवरून उतरू लागलं. मग काकूंचा हात धरून ते बसले. "दार लावलं होतं गं. ही बघ, ओहोटी लागली." फरशी दिसल्यावर काकूंनी भीत भीत एक पाय खाली टेकवला.

दुसऱ्या संध्याकाळी भिजून फुगलेली फळी खाचेत बसेना. आतून काकू सारख्या विचारत होत्या, "लागलं का हो?" काका रडकुंडीला आले. तेवढ्यात दूधवाला आला. मी त्याला दोन वाक्यांत सगळं सांगितलं. त्याने कॅन खाली ठेवला, फळीवर पाय रोवून ती धाडकन बसवली आणि काकांच्या आधी स्वतःच आत ओरडला,

"लग गया, माताजी! अब समंदर का बाप भी नहीं आता!"