शेवाळी टिटवी बंद होते

खरेदी कशी करावी, हे मला कुणी शिकवायची गरज नाही. व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कारखान्याच्या खरेदी विभागात माझी उभी हयात गेली. माल संपणार अशी आवई उठली की बाकीचे पळत सुटतात. मी खुर्ची मागे करतो आणि चहा मागवतो. घाबरून घेतलेली वस्तू नेहमी महाग पडते आणि थांबून घेतलेली स्वस्त, हे माझं तत्त्व. विभागातली नवीन मुलं या तत्त्वाला जांभया देतात, पण ऐकतात.

ही झाली माझी नोकरीतली बाजू. घरच्या बाजूने पाहिलं तर मला फाउंटन पेनांचा नाद आहे. बायको त्याला नाद म्हणत नाही, ती म्हणते, "ह्यांना ते आहे." दमा असतो, मधुमेह असतो, तसं.

आम्हा पेनवाल्यांचा गट चौघांचा. मी, माझे दंतवैद्य, एक निवृत्त न्यायाधीश आणि गाण्याच्या बाई. न्यायाधीशांनी जन्मभर ज्या पेनाने निकाल लिहिले, त्या पेनाचं मॉडेल कंपनीने बंद केलं. त्याचा विषय निघाला की ते अजून चष्मा काढून पुसतात. बाईंचंही तसंच. त्यांच्या आवडीच्या शाईचा जांभळा रंग एका सकाळी दुकानातून नाहीसा झाला. "न सांगता गेली हो जांभळी!" असं त्या म्हणायच्या तेव्हा त्यांच्या शिष्या आपोआप तंबोरे खाली ठेवायच्या.

आमच्या चौघांचा जीव होता तो टिटवीवर. टिटवी हे पेनाचं मॉडेल. अंगाने शेलाटं, टोपणाला चोचीसारखी लांब क्लिप. चार रंगांत मिळायचं: काळा, निळा, मरून आणि शेवाळी. पहिले तीन आमच्याकडे होते. शेवाळी एकाकडेही नव्हतं. तुम्ही म्हणाल, का? कारण ते होतंच! कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानात, काचेच्या कपाटात, कधीही जा, शेवाळी टिटव्या आपल्या बसलेल्या. जी वस्तू कुठे जात नाही ती घ्यायची घाई कशाला? मी वर्षअखेरच्या सवलतीची वाट बघत होतो. न्यायाधीश पुढच्या तारखेवर ढकलत होते. बाईंना मुहूर्त सापडत नव्हता. दंतवैद्य म्हणायचे, "दुखलं की काढू."

बायकोने तो रंग एकदाच पाहिला आणि म्हणाली, "आपली टाकी आतून अशीच झालीय. ती घास, पेन फुकट."

तर एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी सहज दुकानात फोन लावला.

"काका, शेवाळी टिटवी आहे ना अजून?"

दुकानदारकाका घाईत होते. मागे काहीतरी ठोकाठोकी चालली होती.

"बंद केलंय ते!" काका ओरडले. "वरूनच बंद केलंय. आता काही चालू व्हायचं नाही. आहे तेवढं काटकसरीने वापरा!"

मी फोन ठेवला. "काटकसरीने वापरा" हे पेनाच्या बाबतीत जरा विचित्र वाटलं खरं, पण माणूस दुःखात काहीही बोलतो.

बाकीचे तिघे असते तर तसेच धावत सुटले असते. मी चहा मागवला. बातमी फक्त माझ्याकडे होती. दुपारी दाढ भरायला दंतवैद्यांकडे जायचंच होतं. दाढ भरायची, येताना शांतपणे दुकानात शिरायचं, एक शेवाळी टिटवी घ्यायची, आणि रविवारच्या बैठकीत ती खिशातून काढून काही न बोलता टेबलावर ठेवायची. योजना इतकी सुरेख होती की दाढेचीही भीती वाटेना.

दंतवैद्यांनी मला आडवं केलं, गळ्यात चिमट्याने कागदी लाळेरं अडकवलं आणि भूल दिली. खालचा ओठ कुणीतरी काढून नेल्यासारखा झाला. दोन्ही गालांत कापसाचे बोळे कोंबले, ड्रिल सुरू केलं, दाढ अर्धी कोरली, आणि मग सगळे दंतवैद्य विचारतात तसं विचारलं, "काय, विशेष काय?"

गप्प बसायला काय झालं होतं? तोंडात कापूस होता, म्हणजे निसर्गानेच सोय केली होती! पण बातमी आपल्याला आधी कळलेली असावी आणि समोर गिऱ्हाईक असावं...

"हेआळी अंद," मी म्हणालो.

ही भाषा जगात फक्त दंतवैद्यांनाच येते. ड्रिल थांबलं.

"शेवाळी बंद? टिटवी? कोण म्हणालं?"

"आआ."

"काका स्वतः म्हणाले?"

मी मान हलवली. दंतवैद्यांनी ड्रिल हुकाला अडकवलं. म्हणाले, "तुम्ही पडा. एक फोन करून आलोच."

मी छताकडे बघत पडलो. बाहेरून आवाज येत होता. "न्यायाधीश, बसला आहात ना? मग उठा!" थोड्या वेळाने दुसरा फोन. "बाई, मन घट्ट करा." त्यानंतर काहीच आवाज नाही. नर्स आत आली, मला पाहून दचकली.

"तुम्ही अजून इथे? डॉक्टर तर स्कूटर घेऊन गेले!"

मी खुर्चीतून उडी मारली. म्हणजे खुर्ची आडवी असल्यामुळे आधी लोळलो, मग उडी मारली.

दुकान दोन गल्ल्या पलीकडे. दंतवैद्यांची स्कूटर रस्त्यातच रुसलेली दिसली. ते मास्क आणि हातमोज्यांसकट तिला लाथा घालत होते. मी नजर चुकवून पुढे सटकलो. लोक माझ्याकडे वळून बघत होते. लाळेरं गळ्यात तसंच होतं, हे मला फार उशिरा कळलं.

दुकानात पोहोचलो तर न्यायाधीश आणि बाई आधीच काउंटरला चिकटलेले. न्यायाधीशांच्या पायात दोन वेगवेगळ्या चपला होत्या. बाई शिकवणी अर्धी टाकून आल्या होत्या आणि अजून सूर धरूनच बोलत होत्या.

"सगळ्या काढा," न्यायाधीश म्हणाले. "शेवाळी जेवढ्या असतील तेवढ्या."

"अर्ध्या माझ्या!" बाई वरच्या सुरात म्हणाल्या. "जांभळीच्या वेळी मी गाफील राहिले. आता नाही!"

काका डोकं खाजवत उभे. "अहो, पण झालंय काय आज? या रंगाला कोणी कुत्रं विचारत नव्हतं."

मी काकांचा दंड धरला. खुणेने फोन, मग शेवाळी टिटवी दाखवली, आणि मान हलवून विचारलं. काका गोंधळले. मग एकदम त्यांचा चेहरा उजळला.

"दुपारचा फोन तुमचा होता होय! अहो, मी प्लंबरशी बोलत होतो. छतातून पाणी गळतंय, म्हणून वरचा कॉक बंद केला. बादलीतलं पाणी जपून वापरा म्हटलं त्याला, तर तुम्ही फोन ठेवूनच दिलात. मला वाटलं, राँग नंबर!"

उभी हयात व्हॉल्व्हमध्ये घालवलेल्या माणसाला पाण्याचा कॉक ओळखता आला नाही! ओठ जागेवर असता तर मी तो चावला असता.

पण हे सगळं काकांनी मला कोपऱ्यात सांगितलं. काउंटरवर तोवर दोन ढीग झाले होते. मी धावत मधे गेलो आणि मोठ्यांदा म्हणालो, "अंद आही! अंद आही!"

म्हणजे, बंद नाही.

"काय म्हणतायत?" न्यायाधीशांनी विचारलं.

"अंदाज नाही म्हणतायत," बाई म्हणाल्या. "किती उरल्यात त्याचा अंदाज नाही! काका, गोदाम बघा!"

मी दोन्ही हात नकारार्थी हलवले. बाईंना वाटलं मी त्यांचा ढीग ओढतोय. त्यांनी तो पदराखाली घेतला.

शेवटी सुचलं. लिहून दाखवू! काउंटरवर गिऱ्हाइकांना चालवून बघायला एक पेन ठेवलेलं असतं, ते उचललं. पावतीच्या पाठीवर खणखणीत अक्षरात लिहिलं, "रंग बंद". आणि "नाही" लिहायला घेतलं तर शाई संपली. कागदावर नुसता ओरखडा उठला. मी पेन झटकलं, तर उरलेला एक थेंब न्यायाधीशांच्या सदऱ्यावर गेला. त्यांचं तिकडे लक्षच नव्हतं. ते कागद प्रकाशात धरून वाचत होते.

"रंग बंद," ते गंभीरपणे म्हणाले. "लेखी आहे."

त्याच वेळी दंतवैद्य धापा टाकत आत आले. त्यांना बघून मला इतका आनंद कधी झाला नव्हता. दुभाषा मिळाला! मी त्यांचे दोन्ही हातमोजे धरले आणि जीव तोडून बोललो. "अंद आही! आआ हंअरही ओलत ओते! आणी! आणी!"

दंतवैद्यांनी नीट ऐकून घेतलं. "ते म्हणतायत, रंग बंद नाही. काका प्लंबरशी बोलत होते. पाण्याबद्दल."

एकही अक्षर चुकलं नव्हतं. धन्य तो माणूस!

न्यायाधीशांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "आधी लेखी दिलं की बंद आहे. आता तोंडी म्हणतात की नाही. हे गृहस्थ कुठे नोकरीला आहेत?"

"खरेदी विभागात," दंतवैद्य हळूच म्हणाले.

"हं."

त्या एका 'हं'मध्ये मला शिक्षा सुनावली गेली.

"अहो, खरंच प्लंबर आला होता," काका म्हणाले.

"कुठे आहे?"

"गेला."

"हं," न्यायाधीश पुन्हा म्हणाले.

"शी!" बाई म्हणाल्या. "आम्हाला परत पाठवून सगळ्या स्वतः घेणार होते हे! आणि वर लाळेरं घालून आले, दया यावी म्हणून!"

यानंतर दंतवैद्यांनीही ढीग करायला घेतला. त्यांना माझं बोलणं कळलं होतं, पण पटलं नव्हतं. गोदामातल्या आल्या, कपाटातल्या गेल्या, काचेला डिंकाने चिकटवलेली जाहिरातीतलीसुद्धा न्यायाधीशांनी नखाने खरवडून काढली. मी बाजूला उभा राहिलो. शेवटची एक टिटवी काउंटरवर उरली. बाईंचा हात तिच्यावर आणि नजर माझ्यावर.

मनात म्हटलं, घ्या. पुढच्या आठवड्यात नवीन माल येईल, तेव्हा मी आरामात घेईन आणि तुम्ही तिघे आपापले ढीग घेऊन बसा! मी हाताने 'घ्या, घ्या' अशी खूण केली. भूल दिलेल्या ओठांनी जेवढं मोठ्या मनाचं हसता येतं तेवढं हसलो. थोडी लाळ गळली, पण त्यासाठी सोय होती.

काकांचा आनंद गगनात मावेना. तिथल्या तिथे त्यांनी कंपनीच्या विक्रेत्याला फोन लावला आणि आम्हालाही ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू केला.

"शेवाळी टिटवी सगळी संपली! अजून पाठवा!"

मग विक्रेता म्हणाला, "सगळी?"

"एक राहिली नाही!"

"काका, कमाल केलीत हो!" विक्रेत्याचा आवाज भरून आला होता. "तो रंग कंपनीला कधीचा बंद करायचाय. पण दुकानातला माल शिल्लक असताना बंद केला तर परत घ्यावा लागतो ना. बाकी सगळीकडचा संपला. फक्त तुमच्याकडे अडलं होतं. आता मोकळे झालो! आजपासून शेवाळी बंद."

काकांनी फोन ठेवला. छतातून एक थेंब बादलीत पडला.

तिघांनी माझ्याकडे वळून पाहिलं. त्या नजरेत आता संशय नव्हता. देवळात बघतात तसं बघत होते.

"कंपनीच्या आधी तुम्हाला कळलं?" दंतवैद्य म्हणाले.

"मी आपले शब्द मागे घेतो," न्यायाधीश म्हणाले. मी लगेच हात पुढे केला आणि एका बोटाने खूण केली, एक. फक्त एक. त्यांनी माझा हात हातात घेतला, आदराने दाबला आणि पिशवी दुसऱ्या खांद्यावर टाकली. "शब्द म्हणालो. पेन नाही."

दंतवैद्यांना एकाएकी माझ्या उघड्या दाढेची आठवण झाली. त्यांनी मला परत नेलं, दाढ फार छान भरली. भूल उतरल्यावर मी त्यांच्याकडे स्पष्ट मराठीत एक टिटवी मागितली. तेव्हा मात्र त्यांना माझी भाषा अजिबात कळेना.

घरी आलो. बायकोने दार उघडलं, गळ्यातलं लाळेरं काढून घेतलं आणि सगळी हकीकत ऐकून घेतली.

"म्हणजे आता तो रंग कुठेच मिळणार नाही?"

"कुठेच नाही."

"अरेरे," ती म्हणाली. मला बरं वाटलं. मग ती म्हणाली, "आपली टाकी आहे म्हणा."

शेवटी दया आली ती गाण्याच्या बाईंना. पेन द्यायचं नाव त्यांनी काढलं नाही, पण रविवारी सकाळी त्यांच्या घरी येऊन शेवाळी टिटवीने लिहायची परवानगी दिली. हल्ली मी दर रविवारी जातो. बाहेरच्या खोलीत चटईवर बसतो. आत शिष्या घसा साफ करत असतात. बाई टिटवी आणून देतात आणि मी एक पानभर लिहीपर्यंत समोरून हलत नाहीत. टोपण त्यांच्या मुठीत असतं.

शाई माझी मलाच न्यावी लागते. आणि मागच्या रविवारी बाई म्हणाल्या, येताना त्यांच्यासाठीही एक बाटली आणत जा.