रावसाहेबांचा भोपळा

आमच्या शेजारचे रावसाहेब रोज सकाळी सहाला अंगणात पाय पसरून बसतात आणि नडग्यांवर लाल भोपळा ठेवून त्याला आंघोळ घालतात. आधी तेल, मग डाळीचं पीठ, मग कोमट पाणी. शेवटी वावडिंगाची धुरी आणि काजळाची तीट.

घाटनांदूरला कुणी काही बोलल्याशिवाय राहत नाही. "रावसाहेब, पोरगा का पोरगी?"

"भोपळा हाय बे. डोळे गेले का?"

कारण साधं होतं. त्यांची लेक मनीषा पहिलटकरीण. आई, कौसाबाई, दोन वर्षांपूर्वी गेलेली. तलवाड्याच्या विहीणबाईंनी फोनवर सांगून टाकलं, "आई न्हाई तिथं कसलं बाळंतपण? बाप काय, बिड्या वढत बसणार?" रावसाहेबांनी त्याच दिवशी बाजारातून भोपळा आणला.

मी आरोग्यसेविका, म्हणून परीक्षक मी. कॅलेंडरच्या मागच्या बाजूला रावसाहेब निकाल लिहायचे.

भोपळा पहिला : साबण लई. निसटला. फेल.
भोपळा दुसरा : धुरी लई. मलाच चक्कर. फेल.
भोपळा तिसरा : पास होता. शेळीनं खाल्ला.

पहिल्या दोघांची भाजी मला आली. मी म्हटलं, "भाऊ, बाळंतपण दवाखान्यातच होणार. त्यापुढच्या सव्वा महिन्यासाठी एखादी बाई लावा."

"सिस्टर, फेल झालं की एक गोष्ट कळती. रोज केलं की हात आपोआप चालतो. बाई लावून मला काय कळणार?"

अळिवाची खीर तीनदा करपली, चौथ्यांदा जमली. डिंकाच्या लाडवांनी माझी दाढ हलली. तेही पुढे सुधारले. भाकरी मात्र रोज मोडायची.

एका रविवारी विहीणबाई न सांगता आल्या. ओसरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "दाखवा."

रावसाहेबांनी सातव्या भोपळ्याला न्हाऊ घातलं. मान धरावी तसा देठ धरला होता. विहीणबाईंना हसू आवरेना, पण चूक सापडली नाही. मग भाकरी. तव्यावर टाकताना तिचे तीन तुकडे झाले.

"बगा," विहीणबाई म्हणाल्या. "कावून हट्ट करता? आमच्याकडं काय कमी हाय तिला?"

रावसाहेब तुकडे गोळा करत राहिले. मग तव्याकडेच बघत म्हणाले, "मनीषाच्या टायमाला आमी ऊसतोडीला व्हतो. फडाजवळच्या पाचटाच्या कोपीत झाली ती. आठव्या दिवशी कौसाला मीच मोळ्या उचलायला नेलतं. ती न्हाई म्हणली न्हाई. आता तिला कुठं बसवू? तिच्या लेकीला तरी सव्वा महिना बसवू द्या."

मी चुलीतलं लाकूड मागे ओढलं.

विहीणबाईंनी पदर खोचला आणि चुलीपुढे येऊन बसल्या.

"सरका. ज्वारी जुनी हाय तुमची. उकळत्या पाण्यात पीठ मळायचं, मग मोडत न्हाई. आन् पुढच्या आठवड्यात न्यायला या तिला. चांगला वार बगून."

रावसाहेबांनी मान हलवली, परातीत पीठ घेतलं आणि दोन्ही हातांनी मळायला लागले. पाणी घातलंच नव्हतं. विहीणबाई बघत होत्या. मी पाण्याचं पातेलं पुढे सरकवलं.