आल्फ आजोबांच्या डोक्यावरचं हेल्मेट

मर्व्हिन टटहिल स्वतःची ओळख करून द्यायला कधीच लाजत नसे. "दक्षिण गोलार्धातला सर्वांत तल्लख मेंदू," असं सांगून तो हात पुढे करी, आणि समोरच्यानं सकाळी काय खाल्लं ते त्याच्या बाहीवरून ओळखून दाखवी. ते बहुधा चुकत असे. पण समोरचा सभ्य असला तर 'हो' म्हणे. वाराबुकच्या नगरपालिकेत त्यानं उभा जन्म घरोघरच्या पोहण्याच्या तलावांची कुंपणं तपासली होती. निवृत्त झाल्यावर तो म्हणू लागला, "गुन्हा म्हणजे तरी काय? समाजाच्या कुंपणातली फट!" फटी मोजायची टेप कमरेच्या पट्ट्याला तेव्हाही लटकत होती, अजूनही लटकते आहे.

ही प्रतिभा राहायला होती त्याच्या बहिणीकडे, नोलीनकडे. तिचा नवरा वारला तेव्हा 'तुला सोबत' म्हणून मर्व्ह आला, आणि सोबत तिलाच करावी लागली. गाडी ती चालवी, टेपचं दुसरं टोक ती धरी, आणि तपासात दुखावलेल्या लोकांकडे नंतर केक घेऊन माफी मागायलाही तीच जाई.

त्या वसंतात एका सकाळी गावात बोंब झाली. चौकात, थुईच्या बेकरीसमोर, आल्फ पॅस्कोंचा ब्राँझचा पुतळा आहे. सायकलवर वाकलेले, केस मागे उडालेले, गावाला पहिली शर्यत जिंकून देणारे आल्फ. त्यांच्या डोक्यावर कुणीतरी पोपटी रंगाचं हेल्मेट चढवलं होतं. हनुवटीखाली पट्टासुद्धा व्यवस्थित लावलेला.

एरवी लोक हसून कामाला लागले असते. पण शनिवारी सायकल मंडळाची सभा होती. शांत रस्त्यांवर सायकल चालवणाऱ्या मोठ्या माणसांना हेल्मेटची सक्ती नको, असं सरकारला लिहायचं की नाही, यावर मतदान होतं. ठराव मांडणार होता आल्फचा नातू डेस पॅस्को. विरोधात बोलणार होती रोझलिन पॅस्को, म्हणजे डेसची बायको.

पुतळ्याभोवतीच्या गर्दीत कुणीतरी विचारलं, "डेस, हे कुणाचं रे हेल्मेट?" डेस लालबुंद झाला आणि ओरडला, "कुणाचं म्हणजे? हे रोझलिनचंच काम! माझ्या आजोबांची टिंगल करते!"

रोझलिन ब्रेड घ्यायला आली होती. ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "सगळा जन्म तुझ्याशी तोंडावर भांडले, डेस. पाठीमागून कधी काही केलं नाही. ते तुला ठाऊक नसेल, तर तू आजपासून अंगणातल्या कॅरॅव्हॅनमध्ये झोप."

डेस त्या चाकांवरच्या घरात, कॅरॅव्हॅनमध्ये, राहायला गेला. दोन्ही पक्षांना वैतागलेल्या पोलिसानं शनिवारपर्यंत हेल्मेटला हात लावायचा नाही, असा दम भरला. आणि मर्व्हिननं कुणी न बोलावता तपास हाती घेतला.

बेकरीच्या बाकावर बसून त्यानं विचार सुरू केला. हातात पाय होता. म्हणजे खायचा, थुईच्या बेकरीतला, खिमा भरून भाजलेला. "नोलीन, टेप धर." पुतळ्याची उंची मोजली, मग दुरून अंदाजानं रोझलिनची. "हात पोचत नाही. म्हणजे साथीदार आहे. उंच."

"किंवा स्टूल," नोलीन म्हणाली.

"उंच स्टूलवाला साथीदार," मर्व्हनं दुरुस्ती केली.

दुपारपर्यंत तो सिद्धांत मोडीत निघाला आणि हेल्मेटच्या कारखानदारांचा जागतिक कट उघडकीस आला. संध्याकाळी कारखानदार सुटले. आता संशय होता संत्री तोडायला आलेल्या एका डच पोरीवर.

"तिच्या देशात कुणी हेल्मेट घालत नाही," नोलीन म्हणाली.

"म्हणूनच! तिच्यावर कोण संशय घेईल?"

"तू."

"मी म्हणजे कोणी नव्हे," मर्व्ह म्हणाला. त्याचं सबंध दिवसातलं हे एकच विधान नोलीनला पटलं.

डेसची साक्ष घ्यायला दोघं कॅरॅव्हॅनवर गेली. डेस कपाळाला निलगिरीचा बाम चोळत बसला होता. "तपास नको रे बाबा," तो म्हणाला. "हेल्मेट तेवढं काढून माझ्याकडे दे. मी सांभाळतो."

"पुरावा कधी फिर्यादीच्या ताब्यात देतात का? तू कायद्याबद्दल बोल."

मग डेसला जोर चढला. "अरे, शाळेच्या स्टँडवर सायकल लावायला जागा नसायची! कायदा आला आणि पोरांनी हेल्मेटबरोबर सायकलही खुंटीला टांगली. आता जो तो मोटारीतून फिरतो, पोटं बघ एकेकाची. मी त्या दिवशी शपथ घेतली, हा कायदा आहे तोवर सायकलवर बसणार नाही. ते ब्रीद मी आजवर..." इथे त्याला खोकला आला आणि वाक्य अर्धंच राहिलं.

रोझलिनची साक्ष तिच्या स्वयंपाकघरात झाली. दोन पेले टेबलावर होते. एक तिनं उचलून परत कपाटात ठेवला. "मी डोक्याला मार लागलेल्यांच्या वॉर्डात नर्स होते," ती म्हणाली. "बायकोचं नाव विसरलेल्या बाप्यांना मी आंघोळ घातलीय. डेसनं ते पाहिलं नाही, म्हणून तो पोटांबद्दल बोलतो. बोलू दे. भांडणाचं मला काही नाही, नोलीन. पण मी चोरून काही करीन, असं वाटलं त्याला?"

मर्व्हनं तिच्या स्टुलाची उंची मोजली. नोलीनला मात्र त्या रात्री नीट झोप लागली नाही. नवरा गेल्यावर स्वतःच्या घरात कपाटात ठेवलेला दुसरा पेला तिला आठवत राहिला.

शनिवारी सकाळी मर्व्ह पुतळ्याभोवती रांगत होता तेव्हा ती बेकरीत शिरली. व्हॅनिला स्लाईस बांधता बांधता थुईनं विचारलं, "तुझा भाऊ काय शोधतोय?"

"हेल्मेट कुणी चढवलं ते."

"मी," थुई म्हणाली.

नोलीननं पिशवी खाली ठेवली. "तू?"

"दारात पडलं होतं. पिठाची गाडी आली असती तर चुरा झाला असता. म्हटलं, स्टूल घेऊन उंच जागी ठेवावं, ज्याचं असेल त्याला दिसेल. वारा होता म्हणून पट्टा लावला."

"अगं, मग बोलली का नाहीस?"

"तुझ्या भावानं विचारलं, कुणी संशयास्पद माणूस पाहिलात का? मी नाही पाहिला. मीच तर होते."

तेवढ्यात मर्व्ह गुडघे झटकत आत आला. त्याला सगळं सांगावं लागलं, दोनदा. "पण पुतळ्याच्याच डोक्यावर का?" त्यानं करड्या आवाजात विचारलं.

"गावात रिकामं डोकं तेवढं एकच दिसलं," थुई म्हणाली. "तुमची ओळख तेव्हा फारशी नव्हती."

नोलीननं हसू आवरलं आणि तडक रोझलिनला फोन केला. अर्ध्या तासात चौक भरला. डेसही आला, मान खाली घालून. पोलिसानं हेल्मेट काढून रोझलिनच्या हातात दिलं. "तूच बेकरीच्या खुंटीला लाव, म्हणजे मिटलं."

रोझलिन खुंटीकडे वळली आणि थबकली. तिनं हेल्मेट नाकाशी नेलं. मग पुन्हा नेलं.

"डेस," ती म्हणाली, "हे निलगिरीनं घमघमतंय."

"गावात पुष्कळ लोक बाम लावतात," डेस पुटपुटला.

"आणि आत तुझे पांढरे केस आहेत."

डेसनं टोपी काढली, कुस्करली, परत घातली. "गेल्या हिवाळ्यापासून पहाटे चालवतो. शेजारच्या गावातून आणलं हे. तू दर रविवारी एकटी धरणापर्यंत जातेस ना... म्हटलं, जरा दम टिकायला लागला की एकदम तुझ्याबरोबर निघावं. त्या दिवशी हँडलला टांगलेलं कधी पडलं, कळलंच नाही. आणि आजोबांच्या डोक्यावर बघून माझी अशी तंतरली, की तोंडाला आलं ते बोललो. चुकलो, रोझ."

"हँडलला टांगलेलं?" रोझलिन म्हणाली. "डोक्यावर का नव्हतं?"

"चढावर उकडतं गं."

ती रागावणार असं सगळ्यांना वाटलं. तिनं हेल्मेट त्याच्या डोक्यावर ठेवलं, पट्टा ओढला, आणि जरा जास्तच ओढला. "कॅरॅव्हॅनमधली उशी घरात आण," ती म्हणाली.

"माझा अंदाज पहिल्यापासून हाच होता," मर्व्हनं गर्दीला सांगितलं. "डोकं असलेला माणूस."

सभेत डेस हेल्मेट काखेत घेऊन कायद्याविरुद्ध अर्धा तास तावातावानं बोलला. ठराव एका मतानं पडला. आपण ठरावाच्याच बाजूनं मत दिलं, हे डेस आजही शपथेवर सांगतो. रोझलिननं कधी विचारलं नाही.

रविवारी नोलीन आणि मर्व्ह बेकरीच्या बाकावर बसले होते. समोरून पॅस्को नवराबायको सायकलवरून धरणाच्या रस्त्याला लागले. डेसचा आवाज इथवर येत होता. "मी घातलं ते माझ्या मर्जीनं! सरकार कोण मला..." पुढे चढ लागला आणि त्याचं वाक्य तुटलं. तो मागे पडला. तो चढ रोझलिन दर रविवारी एका दमात चढते. आज ती मध्येच उतरली आणि सायकलच्या साखळीकडे वाकून बघू लागली.

"साखळी निघाली वाटतं तिची," मर्व्ह डोळे बारीक करून म्हणाला. "माझ्या नजरेतून सुटत नाही."

नोलीनला इथूनही साखळी स्वच्छ दिसत होती, जागच्या जागी, छान ताणलेली. डेस धापा टाकत बायकोपर्यंत पोचला तशी ती सरळ उभी राहिली.

"हो, मर्व्ह," नोलीन म्हणाली. "निघाली होती. लागली आता."