माईकवरचे आप्पा

मेहकरला आमच्या नवरंग बाजारात तुम्ही कधी आलात, तर पायरी चढतानाच लाउडस्पीकरवरून एक आवाज कानावर पडेल. "सूचना. पहिल्या मजल्यावर लाल साड्या आल्या हायेत. दिसाले झकास हायेत. पन पहिल्या धुन्यात रंग जाते आन् घरातले सगळे बनियान गुलाबी होतात. ज्याले घ्यायची त्यानं समजून घ्यावी." तुम्हाला वाटेल, समोरच्या दुकानदारानं पैसे चारून हा माणूस आमच्या दारात बसवलाय. तसं काही नाही. तो आमचा मालक आहे.

नामदेवराव हिवाळे. सगळा तालुका त्यांना आप्पा म्हणतो. आठवडी बाजारात पोतं अंथरून कंगवे-आरसे विकणारा हा माणूस, आज मेहकरात चार मजली दुकान, चिखलीला एक आणि नांदुऱ्याला एक. इतका पसारा झाला तरी बसायचं दारातच. खुर्ची, पांढरा सदरा, खांद्यावर रुमाल आणि हातात माईक. शिवाय नांदुरा-चिखलीची गिऱ्हाइकं वंचित राहू नयेत म्हणून फोन लावून तोच आवाज तिकडच्या स्पीकरवर सोडलेला. त्यामुळे नांदुऱ्याला साबण घ्यायला आलेल्या बाईला मेहकरच्या तिसऱ्या मजल्यावरचं कपाट कुरकुरतं, हेही कळायचं.

मी साडी विभागाची प्रमुख, सुनंदा. म्हणजे त्या लाल साड्या जिच्या गळ्यात पडतात, ती मीच. तासभर घसा कोरडा करून गिऱ्हाईक पटवावं, बाईंचा हात पर्सकडे जावा आणि नेमकं तेव्हाच वरून "सूचना" व्हावी. डोकं फिरणार नाही तर काय? एकदा मी तणतणत खाली गेले आणि चार माणसांत आप्पांना बोलले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"साडी तू चांगली दाखवते सुनंदा. पन रंग जाते ना?"

"जातो."

"मंग?"

मी परत वर जाऊन साड्यांच्या घड्या घालायला लागले. व्यापाऱ्यांचीही यातून सुटका नव्हती. अकोल्याच्या एका व्यापाऱ्यानं बादल्या आणल्या आणि फुटणारच नाहीत म्हणून छाती ठोकली. आप्पा उठले, बादली पालथी घातली आणि तिच्यावर उभे राहिले. बादलीनं जीव सोडला. लगेच माईक तोंडाशी. "सूचना. बादली फुटते. ज्यायनं बनवली ते सायेब इथंच चहा पिऊन राह्यले. कोनाले काही इचारायचं असन तर इचारा." तो व्यापारी अर्धा कप तसाच टाकून मागच्या दारानं निघून गेला.

डाळ शिजायला वेळ खाते, पाहुणे दारात असतील तर घेऊ नका. कुकरची शिट्टी शेजारणीला उठवते. जानेफळची गाडी लागली, पळा. पातूरचे जावई चपलांच्या विभागात सासूची वाट पाहून राहिलेत, त्यांना कोणीतरी घेऊन जा. असा दिवसभर धबधबा चालायचा. आम्हा नोकरांसाठी नियम एकच होता. मालात खोट दिसली की सांगायची. सांगणाऱ्यावर आप्पा कधी डाफरले नाहीत. माल पडून राहिला, तोटा झाला, तरी चहा पाजायचे. पण खोट माहीत असून जो गप्प बसला, त्याच्याशी बोलणंच बंद. एवढा बोलका माणूस आपल्यापुरता मुका झाला की जीव नकोसा व्हायचा.

आणि तरी दुकान चालायचं, धो धो चालायचं. मग लोणार रोडला काचेचा मोठा मॉल झाला. तिथं सरकता जिना होता, गार हवा होती आणि कशाचाही रंग जातो असं कोणी सांगत नव्हतं. आमची गर्दी ओसरली. तिसऱ्या मजल्याचे दिवे अर्धे बंद झाले. तेव्हा पुण्याची एक मोठी कंपनी भागीदारीला तयार झाली आणि त्यांचे प्रतीकसाहेब पाहणीला आले. भला माणूस, चाळिशीतला, हळू बोलणारा. आप्पांची पहिली सूचना ऐकून त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. त्यांची अट एकच होती, माईक बंद. येत्या बाजाराच्या दिवशी कंपनीचे वरचे लोक येणार. विक्री चांगली दिसली तर सही, नाही तर तिसरा मजला बंद आणि तिथली माणसं घरी.

शेवटी मीच बोलले. म्हटलं, आप्पा, आमच्यासाठी तेवढं करा. आप्पांनी वाद घातला नाही. माईकची वायर हातावर नीट गुंडाळली आणि प्रतीकसाहेबांच्या हातात दिली. "घ्या सायेब. यायच्या पोटापुढं माह्या तोंडाचं काय मोठं?"

बाजाराचा दिवस उजाडला. समोर बसले तर बोलल्याशिवाय राहवणार नाही, म्हणून आप्पा आपणहून मागच्या गोदामात जाऊन बसले. पाहुण्यांच्या स्वागताला झेंडूचे हार आणले होते. ठेवायला जागा नव्हती, म्हणून चौकीदारानं ते आप्पांच्या रिकाम्या खुर्चीच्या पाठीला अडकवले. झालं.

आमचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक म्हणजे जानेफळच्या कौसल्याबाई. त्या पायरी चढल्या. आवाज नाही. खुर्ची रिकामी. खुर्चीला हार. बाई जागच्या जागी खाली बसल्या आणि "गेला वं माय, माहा भाऊ गेला" म्हणून जो हंबरडा फोडला, तो थेट बसस्टँडपर्यंत गेला.

मी जिना उतरून येईपर्यंत वीस बाया त्यांच्या गळ्यात पडून रडत होत्या. मी सांगतेय, अहो जिवंत आहेत, गोदामात आहेत. ऐकतंय कोण? उलट मलाच पोटाशी धरून, रड माय, मोकळी हो, म्हणायला लागल्या, गोदामाकडे जायला सोडेचनात. बातमी बाजारभर झाली. माणसं बाहेर चपला काढून, डोक्याला रुमाल बांधून आत येऊन बसायला लागली. दुपारपर्यंत दुकान गच्च भरलं. पण खरेदी शून्य. मयतीच्या घरी येऊन स्टीलचा डबा कोण विकत घेतो? वरून आमची चूल पेटली नसेल म्हणून कोणाकोणाकडून पिठलं-भाकरीच्या टोपल्या यायला लागल्या. बिलाच्या काउंटरवर सात टोपल्यांची रांग.

तेवढ्यात कंपनीचे पाहुणे उतरले. दारातली गर्दी पाहून त्यांचे चेहरे खुलले. त्यातल्या एकानं तर प्रतीकसाहेबांची पाठ थोपटली. मग त्यांच्या लक्षात आलं की सगळं गिऱ्हाईक जमिनीवर बसलंय आणि रडतंय.

इकडे गोदामात पोत्यांवर डुलकी लागलेल्या आप्पांना एवढ्या वेळानं रडण्याच्या आवाजानं जाग आली. ते घाबरून बाहेर आले. समोर एवढा समाज बसलेला पाहून त्यांनीही मुकाट्यानं चपला काढल्या, शेवटच्या ओळीत मांडी घातली आणि शेजारच्याला हळूच विचारलं, कोण गेलं? आपले आप्पा, तो मान खाली घालूनच म्हणाला. "अरेरे," आप्पा म्हणाले आणि हात जोडले. मग थोड्या वेळानं, "कोनते आप्पा?"

त्या माणसानं मान वर केली आणि त्याची बोबडीच वळली.

पुढे कौसल्याबाईंचं चालूच होतं. माझ्या लेकीच्या लग्नात मला फसवायला सगळा बाजार टपला होता, एकट्या यानं सांगितलं की ही गादी घेऊ नको, आत चिंध्या आहेत. आता खरं कोण सांगणार? एकेक जण अशीच आठवण काढत होता. कोणाची छत्री, कोणाचा मिक्सर. आप्पा मागे बसून आपल्याच मयतीतलं हे सगळं ऐकत होते आणि रुमालानं डोळे पुसत होते.

शेवटी प्रतीकसाहेबच धावत जाऊन माईक घेऊन आले, वायर त्यांनी स्वतः जोडली आणि आप्पांच्या हातात दिला. बोला हो, म्हणाले, पाया पडतो तुमच्या.

कंपनीची सही पुढे झाली आणि माईकसकट झाली. ज्या दुकानाच्या मालकासाठी गाव असं रडतं ते सोडायचं नाही, असं त्या वरच्या साहेबांनीच म्हणे पुण्यात सांगितलं. तिसऱ्या मजल्याचे दिवे आता सगळे चालू असतात. पण ते नंतरचं. त्या दुपारी आप्पा माईक घेऊन उभे राहिले.

"सूचना," ते म्हणाले आणि थांबले. सगळ्यांच्या माना वर झाल्या. कौसल्याबाईंचा हुंदका अर्ध्यावर राहिला.

"मी हावो. मेलो नाही." पुन्हा थांबले. इतक्या वर्षांत मी त्यांना शब्दासाठी असं अडलेलं पाहिलं नव्हतं. "आता खोट सांगायचीच तर माही सांगतो. मालती गेल्यापासून घरी बोलाले कोनी नाही. पोरगा दूर देशी. कुलूप उघडतो, दोन घास खातो, निजतो. सकाळी कवा एकदा इथं येतो असं होते. साडीचं, डाळीचं खरं हाय, पन ते निमित्त हाय. मले बोलाले पाह्यजे कोनीतरी. म्हनून दिवसभर तुमचं डोकं खातो. माफी करा."

आप्पांच्या पत्नी मालतीवहिनी गेल्या तेव्हा मी अंत्ययात्रेला होते. त्यानंतर त्या घरात संध्याकाळी काय होत असेल, हे माझ्या कधी मनातही आलं नव्हतं.

कौसल्याबाई गुडघ्यावर हात देऊन उठल्या. काउंटरवरच्या एका टोपलीतून त्यांनी भाकरी काढली, तिच्यावर पिठलं घातलं आणि ती आप्पांच्या हातावर ठेवली.

"खाय ना बापा डोकं," त्या म्हणाल्या. "आमी कुठं नाही म्हनून राह्यलो? पन आधी हे खाय. आन् एकट्यानं नको खाऊ, मीबी सकायपासून उपाशी हावो."

आप्पा खाली बसले. कौसल्याबाई त्यांच्यासमोर बसल्या. मग मीही टोपलीतली एक भाकरी घेऊन तिथंच टेकले.